घरातला दगड

"आई, आपल्या घरात दगड कुठे असेल गं?"

शनिवारची संध्याकाळ होती. मी स्टोव्हवर भाकरी टाकत होते आणि आमची रिबेका पलंगाखाली डोकं घालून काहीतरी हुडकत होती. नऊ वर्षांची पोर, पण एकदा काही मनात घेतलं की घर डोक्यावर घ्यायची.

"दगडांना काय तोटा? बाहेर रस्ताभर पडलेत. घे त्यातला एक."

"बाहेरचा नाही चालत. तूच म्हणालीस शाळेत."

तशी मी म्हणाले होते खरी. आमच्या देवळातली शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, त्या काळात माझ्याकडे होती. साखर कारखान्याची वस्ती, तिच्या कडेला आमचं लहानसं ख्रिस्ती देऊळ आणि देवळामागे कबरस्तान. मुलांना नुसतं 'डोळे मिटा, हात जोडा' सांगितलं की ती अर्ध्या मिनिटात एकमेकांना चिमटे काढायची. मग मी नगरला एका शिबिराला गेले. तिथल्या बाईंनी हातांनी करायच्या प्रार्थना शिकवल्या. दोऱ्याला गाठ मारत एकेका माणसाची आठवण करायची. बोट पाण्यात बुडवून फरशीवर नाव लिहायचं, ज्याच्यावर आपला राग आहे त्याचं, आणि ते सुकेपर्यंत गप्प बसून बघायचं. मुलं अशी रंगून जायची की बघतच राहावं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे देवळाच्या सभासदांतल्या, म्हाताऱ्या सुलाबाई मात्र मला चिडवायच्या, "एस्तेर, देवाला कान आहेत गं बाई, त्याला कशाला दोरे आन् पाणी?"

त्या रविवारी दगडांची प्रार्थना होती. प्रत्येकानं एक दगड आणायचा. घरात कशाचं ओझं वाटतं ते मनात धरायचं, दगड क्रुसापाशी ठेवायचा आणि रिकाम्या हातानं घरी जायचं. आता देवळासमोर रस्त्याचं काम चाललेलं, खडीचे ढीग पडलेले. ही वानरसेना कंत्राटदाराचा ढीग उपसणार हे मला दिसतच होतं. म्हणून मी बजावलं होतं, "रस्त्यावरचा उचलायचा नाही. घरातला दगड आणायचा."

"मग चाळीपुढचा घे एखादा," मी म्हणाले.

"चाळीपुढचं म्हणजे घरातलं का? घरातला म्हणालीस ना?" असं म्हणून रिबूनं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. झाकण वाजलं तशी मी वळले. माझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वरवंटा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर काढला.

"हा बघ. आपल्या घरात हा एकच दगड आहे."

"ठेव तो आधी! बाबांना कळलं तर..."

"बाबा याच्याकडे बघून रडतात ना? मग हाच जड असणार."

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा भानावर आले.

त्या वरवंट्याची गोष्ट सांगायला हवी. माझ्या सासूबाईंना दोन मुलगे. थोरले शमुवेल, म्हणजे माझे भाऊजी, पोस्टात होते. धाकटे दयानंद, म्हणजे आमचे हे, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. दोघा भावांचं इतकं गूळपीठ की मला लग्नानंतर पहिलं वर्षभर हेवाच वाटायचा. सासूबाई पहाटे पाटा-वरवंटा घेऊन बसायच्या. मिक्सर आला तरी त्यांना वाटण पाट्यावरचंच लागायचं. नाताळात पुरण त्याच पाट्यावर, आणि दोन्ही मुलगे मोठे बाप्ये झालेले असूनही पाट्याच्या दोन बाजूंना बोटं चाटत बसलेले.

सासूबाई मे महिन्यात गेल्या, सकाळच्या वेळी. हे कारखान्याच्या कामासाठी कोल्हापूरला गेले होते. भाऊजींनी तारा केल्या, फोन लावले. निरोप पोचला, हे निघाले आणि वाटेत जीप बंद पडली. इकडे उन्हाचा कहर. मंडळीतले जुनेजाणते भाऊजींना सांगायला लागले, आता थांबून चालणार नाही. संध्याकाळी दफन झालं. हे पहाटे पोचले तेव्हा देवळामागे ताजा मातीचा ढीग तेवढा होता.

आमच्यात जवळच्या माणसानं मूठभर माती द्यायची असते. शवपेटी खड्ड्यात उतरली की आधी मुलांची मूठ पडते, मग बाकीच्यांची. आईला माती दिली की मुलगा मोकळा होतो म्हणतात. ह्यांची मूठ तशीच राहिली.

"एवढी घाई कसली होती तुला, दादा?" एवढंच हे म्हणाले. भाऊजी काही बोलणार, तेवढ्यात हे सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि निघाले. "आईच्या हातचं एवढं तरी माझ्याकडे राहू दे," म्हणाले. झालं. पाटा तिकडे, वरवंटा इकडे. दोन्ही घरांत मिक्सर, दोन्ही घरांत दगड नुसते पडून.

मग बोलणं तुटलं. रस्त्यात समोरून एक आला की दुसरा गल्ली बदलायचा. त्यात आणखी भर पडली ती कबरीची. आमच्याकडे वर्ष झालं की कबर बांधून घेतात, वर फरशी बसवतात, नाव कोरतात. थोरला मुलगा म्हणून ते काम भाऊजींचं. वर्ष उलटलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, सासूबाईंची कबर आपली उघड्या मातीचीच. आजूबाजूला सगळ्यांच्या पक्क्या कबरी, आणि मधे हा मातीचा उंचवटा. लोक कुजबुजायचे, पोस्टातला पगारदार माणूस, आईसाठी चार विटा निघेनात होय? भाऊजी दर शनिवारी तिथे दिसायचे, गवत काढताना, माती हलवताना. हे ते बघून दात-ओठ खायचे. "विटा लावायच्या सोडून खुरपं घेऊन बसतो!"

जी गोष्ट सगळ्या मंडळीला दिसायची ती मात्र प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटतात त्या, रविवारी. भावाशी भांडण असलेल्यानं भाकर आणि प्याला घ्यायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक. उपदेश संपला की दोघे भाऊ उठायचे. एक पुढच्या दारानं बाहेर, दुसरा बाजूच्या दारानं. सुलाबाई दर वेळी मोठ्यानं उसासा टाकायच्या. "काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. हे मेलं कसलं पाणी म्हणायचं?"

आणि आता भाऊजींची नागपूरला बदली झाली होती. सोमवारी त्यांचा ट्रक निघणार होता. त्या रविवारी हे दोघे बोलले नाहीत, तर पुन्हा कधी बोलणार? ह्यांचा स्वभाव मला माहीत होता. मनातल्या मनात झुरतील, पण नागपूरची गाडी धरणार नाहीत. मी आठवडाभर देवाच्या मागे लागले होते, बाबा रे, काहीतरी कर. त्यानं काय करावं ते मात्र मला सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी रिबू वरवंटा पिशवीत घालून निघाली. ह्यांनी पाहिलंच.

"काय आहे पिशवीत?"

"वरवंटा. देवाला द्यायचाय."

हे इतकंच म्हणाले, "परत आणायचा. कळलं?"

"पण आईनं सांगितलंय, रिकाम्या हातानं..."

"परत आणायचा, रिबू."

आमची शाळा देवळामागच्या चिंचेखाली भरायची. मोठ्यांची उपासना आत, मुलं बाहेर. चिंचेच्या बुंध्याला दोन फळ्यांचा क्रूस टेकवला होता. पलीकडे कमरेएवढी भिंत आणि भिंतीमागे कबरस्तान. ताडपत्रीवर मुलं आपापले दगड घेऊन बसली होती. कुणी तुळशी-गुलाबाच्या कुंडीतला गोटा आणलेला, कुणी दाराला लावायचा धोंडा. रिबू एका टोकाला. दुसऱ्या टोकाची जागा मोकळी होती, ती तिमाची. तिमा म्हणजे भाऊजींचा तीमथ्य, रिबूपेक्षा दोन वर्षांनी मोठा. मुलांना शाळेला यायला दोन्ही घरांनी कधी अडवलं नव्हतं, पण मोठ्यांचं बघून ती दोघं ताडपत्रीची दोन टोकं धरून बसायची. मागे पाण्यानं नाव लिहिताना तिमानं देवळामागच्या फरशीवर काहीतरी लिहिलं होतं. मी वाकून बघेपर्यंत उन्हानं ते पुसून गेलं होतं.

"आज तिमा नाही यायचा," कुणीतरी म्हणालं. "त्यांचं सामान बांधून झालं."

मी प्रार्थना सुरू केली. एकेक मूल उठायचं, दगड ठेवायचं. बोलायचं असेल तर बोलायचं, नाहीतर गप्प.

"माझे बाबा पितात," एक जण म्हणाला आणि गोटा ठेवला.

"माझं गणित," दुसरीनं सांगितलं. कुणी हसलं नाही. मुलं अशा वेळी किती शहाणी होतात ते मोठ्यांनी बघावं.

रिबू उठली. पिशवीतून वरवंटा काढला, क्रुसापाशी आडवा ठेवला. "देवा, हा खूप जड आहे," एवढंच बोलली आणि परत येऊन बसली.

तेवढ्यात सायकलच्या चाकाची कुरकुर ऐकू आली. बघते तर तिमा. सायकल हातात धरून ढकलत आणत होता. अंगातला शर्ट घामानं चिंब, आणि मागे कॅरिअरवर दोरीनं करकचून बांधलेलं काय, तर पाटा! आमच्या सासूबाईंचा पाटा, मधोमध खोलगट झालेला.

"काकू, उशीर झाला. सारखा कलंडत होता."

"अरे पण... हा कशाला आणलास?"

"तुम्हीच सांगितलं ना, घरातला दगड. आमच्या घरात हा एकच आहे."

देवाशपथ सांगते, मी कुणाला काही शिकवलं नव्हतं. रिबूनं तिमाला सांगितलं नव्हतं, तिमाला रिबूचं ठाऊक नव्हतं. मी आपली खडीचा ढीग वाचवायला गेले होते! दोन मोठ्या पोरांनी दोरी सोडली, पाटा धरून आणला आणि क्रुसापाशी मातीवर टेकवला. तिमाची नजर तेव्हा वरवंट्यावर गेली.

"आपला वरवंटा!" तो म्हणाला. चार वर्षांत रिबूशी बोललेला तो पहिला शब्द.

"आपला पाटा," रिबू म्हणाली.

ती उठून त्याच्याजवळ गेली. दोघांनी वरवंट्याची दोन टोकं धरली, उचलला आणि पाट्यावर ठेवला. त्या खोलगट जागेत तो असा बसला की हलेना. मग रिबूनं गुडघे टेकले, आजी धरायची तसा दोन्ही हातांनी धरला आणि एकदा मागे-पुढे ओढला.

घर्र... घर्र...

काय सांगू तुम्हाला! सासूबाई गेल्यापासून तो आवाज कुणी ऐकला नव्हता. प्रत्येक घराच्या पाट्याचा आवाज वेगळा असतो, बायकांना विचारा. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. कुणीतरी मोठं माणूस तिथे येऊन बसलंय आणि आपण उभं राहायला हवं, असं मला वाटलं. मुलंही न सांगता उठून उभी राहिली. तिमानं चिंचेचा पाला ओरबाडून पाट्यावर टाकला आणि रिबू वाटत राहिली.

आत उपदेश संपला होता, आणि तो प्रभुभोजनाचाच रविवार होता. नेहमीप्रमाणे दोघे भाऊ उठून बाहेर आले होते, एक पुढच्या दारानं, दुसरा बाजूच्या. दोघांनाही कारखान्याच्या बाजूला, म्हणजे देवळाला पाठ करून जायचं असायचं. पण तो आवाज दोघांच्याही कानांवर गेला असणार. मी मान वर केली तर देवळाच्या एका कोपऱ्यावर हे आणि दुसऱ्या कोपऱ्यावर भाऊजी. दोघांची पावलं एकाच वेळी चिंचेकडे वळलेली.

रिबू वाटतच होती.

"आवाज ऐकलास?" शेवटी भाऊजी म्हणाले. कुणाकडे न बघता.

"ऐकला," हे म्हणाले. आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं ह्यांच्या तोंडून फुटलं. "ऐकून काय उपयोग? उद्या चाललास तू. आईची कबर तरी बांधून जायचं होतंस, दादा! चार वर्षं ती तशीच उघड्यावर. लोक काय म्हणतात माहितीये तुला?"

"माहितीये."

"मग का नाही बांधलीस?"

भाऊजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "बांधणार कशी? तुझी मूठ राहिली होती ना, दया."

हे एक पाऊल पुढे आले.

"त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत थांबलो रे मी. सगळे पाठीशी लागले होते. शेवटी माझा नाइलाज झाला. पण तेव्हाच ठरवलं, फरशी टाकायची नाही. एकदा फरशी टाकली की तू माती कुठे देणार होतास?" भाऊजींनी कबरस्तानाकडे हात केला. "दर शनिवारी माती मोकळी करून ठेवतो. घट्ट झाली तर तुझी मूठ वरच राहील, आईपर्यंत पोचायची नाही. म्हटलं, आज येईल, पुढच्या शनिवारी येईल."

"मला सांगायचंस ना..."

"कसं सांगू? मला बघितलं की तू गल्ली बदलायचास. आणि माझाही ताठा काही कमी नव्हता."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतका धिप्पाड माणूस, पण लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. भाऊजींनी ह्यांच्या दंडाला धरलं आणि भिंतीच्या फाटकातून आत नेलं. मी फाटकापाशीच थांबले. आम्ही सगळ्यांनी ज्याला हयगय म्हटलं होतं, तो मातीचा उंचवटा पहिल्यांदाच मला नीट दिसत होता. एकही गवताचं पातं नव्हतं त्यावर. इतकी मऊ, भुसभुशीत माती की हात घातला तर कोपरापर्यंत जावा.

हे खाली बसले, मूठ भरून घेतली. पण मूठ उघडेना. बोटं आवळून तसेच बसून राहिले.

भाऊजी शेजारी बसले आणि त्यांनी ह्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. "सोड, दया. आई वाट बघतेय."

मूठ उघडली. माती मातीत पडली, तिचा काही आवाज झाला नाही. मग भाऊजींनीही एक मूठ घेतली, पुन्हा दिली. दोघे भाऊ हातांनी ती माती सारखी करत बसले. मला हात जोडायचंही सुचलं नाही.

रिबू हळूच माझ्याजवळून पुढे गेली. "बाबा, वरवंटा परत न्यायचा ना घरी?"

ह्यांनी बाहीला डोळे पुसले. "राहू दे. जागेवर आहे तो आता."

देवळाच्या मागच्या दारात सुलाबाई उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, पदर तोंडाला लावलेला. त्यांच्यामागे माझी जाऊ मार्था, तिचे डोळे लाल. आत गाणं थांबलं होतं. सुलाबाईंनी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, जाऊन सांगितलं होतं म्हणे, की जरा दम धरा, दोघे जण यायचेत. आणि पाळकसाहेबांनी मेजावरची भाकर तशीच झाकून ठेवली होती. सगळी मंडळी गप्प बसून वाट बघत होती.

"पोरांनो," सुलाबाई म्हणाल्या, "चला. तुमच्यासाठी थांबलेत सगळे."

दोघे भाऊ एकाच दारानं आत गेले. मी मुलांना घेऊन मागोमाग. दोघे मेजापुढे शेजारी शेजारी उभे राहिले, ओंजळी पुढे केल्या, आणि मग स्वतःच्याच हातांकडे बघून कावरेबावरे झाले. चारही हात मातीनं भरलेले होते. हे हात मागे घेणार, तेवढ्यात पाळकसाहेबांनी भाकर मोडली, आधी थोरल्याच्या ओंजळीत ठेवली, मग धाकट्याच्या. हात धुऊन या, असं कुणी म्हणालं नाही.